हलतंय कोण?

१२ जानेवारी

आजचेही सगळे फोटो हललेले.

माझ्या कामाच्या खोलीमागे कालवा आहे आणि कालव्याच्या दगडी कठड्यावर रोज सकाळी एक धोबी येतो. काळा-पांढरा, मुठीत मावेल एवढा पक्षी. तुरुतुरु चालतो, थांबतो, आणि थांबला तरी शेपटी वरखाली चालूच. पन्नाशी उलटल्यावर मला हे फोटोचं वेड लागलं ते त्याच्यापायी. मी लोकांचे दात बनवतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात डोकावल्यावर माणसाला जरा बाहेर बघावंसं वाटणारच. म्हणून कॅमेरा आणि त्याला लावायचं हे भलंमोठं भिंग घेतलं. त्यातून नुसतं पाहिलं तर धोब्याच्या डोळ्यात आकाश दिसतं, आणि फोटो काढला की भुरकट बोळा.

कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याला दाखवले. आता पासपोर्टचे फोटो काढतो, पण तरुणपणी पक्ष्यांमागे बरीच वणवण केलेला माणूस. म्हणाला, "एवढं धूड हातात धरून कोण स्थिर राहील? स्टँड घ्या. आणि जड घ्या, नाहीतर घेऊच नका."

घरी हिला विचारलं. ही टपाल कचेरीत पार्सलच्या खिडकीवर असते. वस्तू घरात यायची तर आधी तिचं वजन आणि गरज दोन्ही तपासणार. साधी सुरी घ्यायची तरी आमच्याकडे चर्चासत्र भरतं. तर ती ते फोटो बराच वेळ बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "घ्या."

मला वाटलं, हिला बरं नाही.

१९ जानेवारी

तीन पायांचा स्टँड आला. जिना चढताना मला तो दर वळणावर टेकवावा लागला. खालचा शेजारी दार उघडून म्हणाला, "तोफ मागून येतेय का?"

"तीन तिघाडा, काम बिघाडा," ही दारातच म्हणाली. झालं, नाव पडलं. तिघाडा.

त्याच्या डोक्यावर गिंबल हेड म्हणून एक प्रकरण असतं. म्हणजे जाड धातूचा एक वाकडा हात, आणि त्यात भिंग पाळण्यासारखं टांगायचं. दोन खिट्ट्या आहेत. एकीनं भिंग वर-खाली, दुसरीनं डावी-उजवीकडे. मी दोन्ही जीव खाऊन आवळल्या. हलायला नको असेल तर आवळायला नको का?

फोटो हललेले. उलट जास्तच.

ता. क. ही हल्लीची पेनं भिकार आहेत. स्वतःचं अक्षर स्वतःला बघवत नाही.

२१ जानेवारी

फोटोवाल्यानं डोक्याला हात लावला. "अहो, हे कुलूप नाही, झोपाळा आहे. आवळताय काय?"

मग त्यानं शिकवलं. दोन्ही खिट्ट्या सैल सोडायच्या. भिंगाखालची पट्टी पुढे-मागे सरकवत जायची. भिंगाचं नाक खाली गेलं तर मागे, वर गेलं तर पुढे. एक जागा अशी येते की हात काढला तरी भिंग आहे तिथेच राहतं. वर करून सोडा, वर राहील. खाली करून सोडा, खाली. मी म्हातारा माणूस, पण पोरासारखा अर्धा तास तेच करत बसलो. सुटलं तरी पडत नाही, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

"आता नुसतं बोट लावायचं," तो म्हणाला. "घट्ट धरलंत की तुमचाच धक्का त्याला लागतो."

२२ जानेवारी

आज फजिती. घरी तोल अगदी साधला, पण तेव्हा भिंगाच्या तोंडावरची ऊन अडवायची नळी उलटी चढवलेली होती. कालव्यावर जाऊन ती सुलट लावली, वजन पुढे गेलं, आणि खिट्टी सैल असल्यामुळे भिंगानं धाडकन नाक खाली टाकलं. धोबी उडाला. मी हिला सांगितलं की सगळा दोष त्या नळीचा.

"नाचता येईना अंगण वाकडं," ही म्हणाली. दोघंही खूप हसलो.

दातांच्या डॉक्टरीणबाईंना करून दिलेलं काम परत आलंय. वीसेक वर्षं त्यांच्या पेशंटांचे सगळे दात माझ्याकडेच. चिठ्ठीत लिहिलंय, कड बसत नाही. त्यांच्याकडे नवीन मुलगी माप घेते, तिनंच साचा बिघडवला असणार. पुन्हा करून देतो.

३० जानेवारी

आता हट्टालाच पेटलोय. तोल अचूक, बोट हलकं, तरी फोटो हलतो. सकाळी कालव्यावर सावली असते म्हणून शटर जरा सावकाश ठेवावं लागतं, पण फोटोवाला म्हणतो एवढ्या जड स्टँडवर ते चालायला हवं. म्हणजे काहीतरी हलतंय. काय हलतंय ते मी शोधणार.

पहिला संशय वाऱ्यावर. तिघाड्याच्या पोटाखाली आकडा आहे, त्याला कामाच्या खोलीतली प्लास्टरची गोणी टांगली. आता त्याला हत्तीनं धक्का दिला तरी हलणार नाही. फोटो हलला.

दुसरा संशय माझ्याच खोलीवर. साच्यात प्लास्टर ओतताना बुडबुडे राहू नयेत म्हणून ते थरथरवायचं एक यंत्र असतं. ते बंद. पॉलिशची मोटर बंद. फोटो हलला.

तिसरा पुलावरच्या ट्रकांवर. ट्रक नसताना काढला. हलला.

धोबी मात्र रोज समोर उभा राहून शेपटी हलवतो आणि माझी गंमत बघतो. ती शेपटी का हलते हाही एक प्रश्नच आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात किडे उठवायला. फोटोवाला म्हणतो सवय. ही म्हणते, "त्याला विचारा." पुस्तकात लिहिलंय की नक्की कारण माहीत नाही. उन्हं तापली की हा निघून जातो, एवढं मात्र नक्की लिहिलंय.

हल्ली ही चहा अर्धाच कप देते. विचारलं तर म्हणते, पित्त होतं. पित्त मला कधीच नव्हतं. बहुतेक साखर महागली असेल.

२ फेब्रुवारी

आज भारी युक्ती सुचली. भिंग काढलं आणि गिंबलच्या पट्टीवर काठोकाठ पाण्याचा ग्लास ठेवला. काही हलत असेल तर पाण्यात उमटेलच.

ट्रक गेला. पाणी स्थिर. मोटर चालू केली. स्थिर. मी पाय आपटले, तरी अगदी बारीक तरंग. वा रे तिघाडा! मग कॅमेरा ग्लासशेजारी बसवला आणि फोटो काढताना ठेवतो तसं बोट बटणावर ठेवलं.

पाणी लगेच थरथरलं. कडेपासून मध्यापर्यंत बारीक बारीक रेघा.

सापडलं! बटणात दोष आहे. स्प्रिंग ताठ असणार. उद्याच जाऊन सांगतो. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी गोण्या टांगत बसलो.

४ फेब्रुवारी

फोटोवाला विचित्र वागला. बटण दाबून बघितलं, म्हणाला, ठीक आहे. मी म्हटलं, ठीक कसं असेल? मग आम्ही दोघं कालव्यावर आलो. त्याच तिघाड्यावर, त्याच भिंगातून त्यानं कठड्याचा फोटो काढला. दगडावरचं शेवाळ मोजून घ्यावं इतका स्वच्छ. मग म्हणाला, "आता तुम्ही काढा." काढला. हलला.

तो माझ्या हाताकडे बघत होता. मग एकदम नरम झाला. पिशवीतून एक लांब वायर काढली, तिच्या टोकाला बटण. म्हणाला, "कॅमेऱ्याला हात न लावता याच्यावरून दाबा. असू द्या तुमच्याकडेच." जाताना विचारतो कसा, "वहिनी घरी कधी असतात?"

ह्याला माझ्या बायकोशी काय बोलायचंय? माल सदोष निघाला की दुकानदार असा गोड होतो. काहीतरी लपवतोय.

वायरीनं काढलेले फोटो मात्र झकास. पण पक्षी हलला की भिंग वळवायला हात लावावाच लागतो, मग पुन्हा तेच.

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई स्वतः खोलीवर आल्या. कधी येत नाहीत. एका मुख्याध्यापिकाबाईंचे वरचे पुढचे सहा दात अपघातात गेलेत, चार पटाशीचे आणि दोन सुळे. रोज सकाळी अख्ख्या शाळेसमोर बोलायचं असतं त्यांना, तेव्हापासून त्या तोंडाला रुमाल लावून बोलतात. जुना फोटो दिलाय हसतानाचा. मधल्या दोन दातांत किंचित फट. ती फट तशीच हवी म्हणे.

असं काम मला आवडतं. मेणाचा थेंब तापल्या कोरणीनं ठेवायचा आणि दात हळूहळू कोरत आणायचा, मग त्या मेणावरून पक्का दात ओतायचा. माणसाचं हसू असं केसभर कडेवर असतं.

डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या. म्हणाल्या, "हे काम मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. पण गेल्या दोन कामांसारखं झालं तर मला पुढचा विचार करावा लागेल. मला ते आवडणार नाही हो."

त्या गेल्यावर बसलो. थेंब बाजूला पडला. खरवडून पुन्हा. पुन्हा बाजूला. थंडीमुळे मेण नीट वाहत नाहीये.

१५ फेब्रुवारी

रविवार. ही म्हणाली, "आज मी येते तुमच्याबरोबर." तिनं गिंबलला हात लावला आणि धोबी कठड्यावरून चालू लागला तसं भिंग त्याच्यामागून असं वळवलं, की जन्मभर हेच करत होती. दाबलं. घरी येऊन पाहिलं. पीस न् पीस वेगळं.

पार्सलवर शिक्के मारणाऱ्या बाईचा फोटो स्वच्छ आणि बारीक काम करणाऱ्याचा हललेला, हे काही बरोबर नाही. मी म्हटलं, "नीट चाचणी करू."

पुन्हा काठोकाठ ग्लास. तिनं बटणावर बोट ठेवलं. पाणी स्थिर. मी ठेवलं. थरथरलं. मी डावं बोट ठेवलं. थरथरलं, जरा कमी. मी म्हटलं, "दमलोय, तिघाडा उचलून आणला ना." बसलो, पाणी प्यायलो, पुन्हा ठेवलं.

पाणी पुन्हा थरथरलं. मी गंमत म्हणून म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." ती हसली नाही.

तेव्हा कळलं.

वारा नाही, ट्रक नाही, मोटर नाही, बटण नाही. हलतोय तो मी.

१६ फेब्रुवारी

काल लिहून वही मिटली आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. मला भीती वाटतेय. उगाच शब्द फिरवत नाही, भीतीच वाटतेय. कोरणी धरता आली नाही तर मी कोण? सगळे मला दातवाले म्हणतात. दुसरं नावच नाही मला.

सकाळी हिला विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"चोर पकडल्यासारखं माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "उन्हाळ्यापासून. तुम्ही शर्टाची बटणं लावताना पाठ फिरवायला लागलात तेव्हापासून."

"मला तरी कुठे माहीत होतं मी पाठ फिरवतो ते!"

"म्हणून तर."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं. एकदा म्हणालात पेन वाईट आहे. एकदा म्हणालात शर्ट नवा आहे. तिसऱ्यांदा सांगितलं असतं तर डॉक्टरांच्या खुर्चीत दोष काढला असता. तुमचा स्वभाव मला माहीत नाही का? स्वतः मोजल्याशिवाय तुमचा देवावरसुद्धा विश्वास बसायचा नाही." मग जरा थांबून म्हणाली, "त्यात तुम्ही स्टँड घेऊ का म्हणून विचारलंत. म्हटलं, घेऊ देत. बाकी सगळं स्थिर झालं की उरेल ते दिसेल त्यांना."

आणि मी समजत होतो, हिला बरं नाही.

अर्ध्या कपाचंही गणित सुटलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडलो आणि तिनं बापडीनं कचेरीला उशीर होऊ दिला. डॉक्टरांची वेळ तिनं आधीच घेऊन ठेवली होती.

फोटोवाल्याची माफी मागायला हवी. माल चोख आहे.

२१ फेब्रुवारी

मोठे डॉक्टर. माझ्याहून तरुण, खालचे दात दाटीवाटीचे. आतून बाहेर गोल गोल रेघ काढायला लावली. माझी रेघ बघून मलाच हसू आलं, भूकंपात काढल्यासारखी. मग एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायला सांगितलं. मी म्हटलं, "पाण्याची चाचणी मी तुमच्या आधीच केलीय." त्यांना सगळं सांगितलं, गोणी, ट्रक, मोटर. त्यांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

म्हणाले, हा हातांचा कंप आहे. याच्याहून वाईट आजार असतो, त्याची लक्षणं दिसत नाहीत. गोळीनं उतरेल, पण पूर्ण जाईल असं धरून चालू नका.

"पण होतो कशामुळे?" मी विचारलं.

"नक्की कारण सांगता येत नाही."

"धोब्याच्या शेपटीचंही पुस्तकात हेच लिहिलंय," मी म्हटलं. डॉक्टर हिच्याकडे बघायला लागले. ही म्हणाली, "मी नंतर सांगते तुम्हाला."

गोळी सुरू केली. मुख्याध्यापिकाबाईंचे चार दात झालेत, कसेबसे. मधले दोन बाकी, तेच फट असलेले. डॉक्टरीणबाईंना खरं काय ते सांगून टाकलं आणि म्हटलं, जमलं नाही तर काम परत करीन. त्या म्हणाल्या, "आठवडाभर थांबते."

२७ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

गोळीनं फरक आहे, पण केसभर कडेला पुरेल इतका नाही. दुपारभर मेण वाया घालवलं. कोरणी जितकी घट्ट धरावी तितकी जास्त हलते. चिडून आवळत होतो आणि फोटोवाल्याचं बोलणं आठवलं. कुलूप नाही, झोपाळा आहे.

तिघाडा कोपऱ्यात होता. ओढत आणला, मेजाशी उभा केला. भिंग काढलं. गिंबलच्या पट्टीवर टॉवेलाची घडी ठेवली आणि त्या पाळण्यात मनगट टाकलं. खाली प्लास्टरची गोणी टांगली. हात बांधायला दुसरा हात पुरेना, म्हणून हिला कचेरीतून आल्या आल्या बोलावलं. तिनं चपलाही काढल्या नाहीत. पार्सल बांधावं तसं मनगट सुतळीनं बांधलं, गाठ मारून उरलेली सुतळी कापायला निघाली. मी म्हटलं, "अगं, मला पाठवायचं नाहीये कुठे."

मग तोल साधला. कोपर जरा मागे, पट्टी जरा पुढे. एका जागी हात नुसता तरंगायला लागला. मी धरत नव्हतो, तरी पडत नव्हता.

"खिट्टी सैल करू?" ती म्हणाली.

"थोडी आवळ. अजून. बास."

आता हात हलवायचा तर जोर लागत होता, तुपातून हलवल्यासारखा. पण तो बारीक थरथराट त्या लोखंडात जिरत होता. सगळा नाही. पुष्कळसा. कोरणी तापवून तिनं हातात दिली. थेंब ठेवला. जिथे हवा तिथे पडला.

आम्ही दोघांनी श्वास रोखून धरला होता, हे श्वास सोडल्यावर कळलं.

अंधार पडेपर्यंत एक दात झाला, जेवून दुसरा. ती डावी-उजवीकडची खिट्टी सांभाळत होती, मी "सैल, घट्ट, सैल" म्हणत होतो. मधली फट सोडली. डाव्या दाताच्या कडेला एक बारीकशी लाट राहिली आहे. पुसून टाकावी म्हणून पुन्हा कोरणी मागितली, मग जुना फोटो कामाच्या छोट्या भिंगाखाली धरला. बाईंच्या मूळच्या दातालाही कड सरळ नव्हती. सरळ कुणाचीच नसते. राहू दिली.

६ मार्च

सहा दात बसले. डॉक्टरीणबाईंचा फोन आला. कड बसली. बाईंनी आरशात बघितलं, जीभ फिरवली आणि रुमाल डॉक्टरीणबाईंच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकून गेल्या. पुढचं काम सोमवारी पाठवताहेत. मी म्हटलं, वेळ लागेल, आता आम्ही तिघं मिळून करतो. त्यांना वाटलं मी माणसं ठेवली.

सगळी कामं जमणार नाहीत. दाढा, साचे, कवळ्या जमतील. पुढच्या दातांचं दर खेपेला बघावं लागेल. पुढच्या वर्षी काय, ते मला माहीत नाही. जाणून घ्यायची उत्सुकता मात्र आहे, आणि भीती तिच्यापेक्षा थोडी कमी.

सकाळी कालव्यावर गेलो होतो. ऊन चढायला लागलंय, धोब्याचे थोडेच दिवस उरले. भिंग पुन्हा पाळण्यात घातलं, तोल साधला, वायर लावली. तो कठड्यावर येऊन थांबला. दाबलं. आता समोर तो फोटो आहे. दगडावरचं शेवाळ स्वच्छ, पायाची नखं स्वच्छ, डोळ्यात आकाश. फक्त शेपटी हललेली. हिला दाखवला आणि म्हटलं, "हे मात्र माझं नाही हं, त्याचं आहे."

ती स्वयंपाकघरात गेली आणि चहा घेऊन आली. आज कप काठोकाठ भरलेला होता. मी उचलला, निम्मा बशीत सांडला. आधी बशीतला प्यायलो, मग कपातला.